दमास्कस आणि बीदर

बीदरच्या बिदरी धातुकामाबद्दल वाचताना आज ‘डॅमसीन’ हा इंग्रजी शब्द भेटला. धातूत सोन्या-चांदीची तार ठोकून नक्षी भरणे, हा त्याचा एक अर्थ. दमास्कसचा रहिवासीही डॅमसीनच, आणि ‘डॅमसन’ हे आंबटसर जांभळे फळही त्याच कुळातले. एका शहराचा केवढा हा गोतावळा! मग आमच्या बीदरचे काय? शोधले, तर १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात बिदरीची स्वतंत्र नोंद सापडली. ऊर भरून आला. तरी बिदरीला नुसते डॅमसीन म्हणणे मला अपुरेच वाटते. चांदीची नक्षी भरलेल्या जस्त-तांब्याच्या भांड्याला बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचे मिश्रण लावले, की धातू काळाभोर होतो, चांदी मात्र लखलखत राहते. या मातीची करामत त्या शब्दात कुठेच येत नाही.