आतली लोकर

परोपकाराची हौस माणसाला केव्हा येईल आणि ती कोणाच्या अंगावर भागवली जाईल, याचा काही नेम नसतो. माझी हौस तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात आमच्या शेरूच्या अंगावर भागली.

शेरू जातीने अल्सेशियन. जर्मनीतल्या मेंढपाळांच्या राखणदाराचा हा वंशज अकोल्यास प्रवरेच्या काठी येऊन राहिला, तो केवळ माझ्या हट्टामुळे. त्या वैशाखात तो दिवसभर मोरीजवळच्या ओल्या जमिनीला पोट लावून धापा टाकी. मला अंगावर सदरा सोसवत नव्हता. त्या मुक्या जीवाला तर गळ्यापासून शेपटीपर्यंत लोकरीचा डगला! योगायोगाने कोकणातून परतणाऱ्या एका धनगराच्या मेंढ्या शेजारच्या शेतात बसल्या होत्या आणि त्यांची कातरणी चालली होती. मी शेरूला तेथे घेऊन गेलो. धनगराने एकवार कुत्र्याकडे पाहिले, एकवार माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने कातर हाती घेतली. घरी परतताना माझ्या साखळीला जे जनावर होते त्याला आळीतल्या कुत्र्यांनीही ओळखले नाही. मी मात्र पुण्य पदरी पडल्याच्या आनंदात होतो.

त्या आनंदाला पहिला धक्का आठ दिवसांत बसला. शेरूच्या पाठीची कातडी उन्हाने लाल झाली, आणि धापा तर मुळीच कमी झाल्या नाहीत. त्या कमी व्हायच्याच नव्हत्या. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो प्रामुख्याने धापा टाकून, जिभेवाटे आणि श्वासावाटे बाहेर घालवतो. मी माझ्या घामाचे शास्त्र त्याला लावले होते. केसांमुळे कुत्र्याला थंडावा मिळतो असे कोणी सांगितले तर ते मात्र मी मानणार नाही. परंतु ते ऊन कातडीपर्यंत पोहोचू देत नाहीत, आणि वैशाखात तेवढे उपकार थोडे नव्हेत.

दुसरा धक्का आषाढाने दिला, आणि खरी गोष्ट मला त्यानेच शिकवली. अकोले गावाला पाऊस बेताचाच. पण राजूर, शेंडी ओलांडून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने रतनवाडीकडे जाऊ लागावे, म्हणजे पाऊस या शब्दाचा अर्थच बदलतो. तेथे एका परिचिताकडे शेरूला घेऊन गेलो होतो. भाताची आवणी चालू होती. वाकलेल्या पाठींवर घोंगडी आणि तिच्यावर बांबूच्या कामट्यांत पाने बसवलेले इरले, अशी दोन माणसे मला एका खाचरात दिसली. एरवी आता बहुतेक ठिकाणी इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. इरल्यावरून पाणी निथळून जात होते आणि आतली घोंगडी ऊब धरून होती. माझ्या शेजारी शेरू कातडीपर्यंत भिजून कुडकुडत उभा होता. त्याचेही इरले होते, आणि ते मी कातरून टाकले होते.

कुत्र्याच्या कातडीवरील एकेका रंध्रातून एक लांब, ताठ केस निघतो आणि त्याच्याभोवती कित्येक बारीक, मऊ, नागमोडी केस निघतात. ताठ केसांचे बाहेर इरले होते. मऊ केसांची आत घोंगडी होते, आणि त्या घोंगडीत कोंडलेली हवाच खरी ऊब देते. ही दुहेरी मांडणी प्रत्येक जातीत सारखी नसते. हिमालयातल्या भोटिया कुत्र्याची आतली लोकर इतकी दाट की बर्फात त्याला निजता यावे. लॅब्राडोरचे केस दिसायला तोकडे, पण न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात उतरणाऱ्या पूर्वजांकडून त्याला पाणी न शिरणारे अस्तर मिळालेले आहे. पूडलला अस्तरच नाही. त्याचे केस आपल्या डोक्यावरच्यासारखे वाढतच राहतात, म्हणून त्याला न्हावी लागतो. आणि मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेला आमच्या दख्खनचा शिकारी कुत्रा एकेरी, तोकड्या केसांवरच उन्हातून ससा गाठतो. धर्मराजाच्या मागे हिमालय चढणारा कुत्रा हस्तिनापुराहून निघालेला, म्हणजे बहुधा आपल्या गावठीसारखाच तोकड्या अंगरख्याचा असावा. त्या प्रवासाचे मोल मला आता अधिक कळते.

शेरूचे केस परत आले, परंतु उलट्या क्रमाने. आधी आतली लोकर दाटून नमद्यासारखी झाली. ताठ केस मात्र रेंगाळले. दोन पावसाळे गेले तेव्हा कोठे त्याच्या पाठीवरून पाणी ओघळू लागले. कमरेवर एक तळहाताएवढा डाग अजूनही उजाड आहे. मी त्याला कुरवाळताना माझा हात नेमका तेथेच जातो.

गेल्या वैशाखात तोच धनगर पुन्हा आला. मी ओट्यावर बसून शेरूला फणी करत होतो. दिवस मोठा होऊ लागला की ही जनावरे आतली लोकर आपोआप टाकू लागतात. ज्या घरात रात्री उशिरापर्यंत विजेचे दिवे जळतात तेथे त्यांच्या अंगाला हंगामाचा अंदाज नीट येत नाही, आणि ती बारा महिने थोडी थोडी गळत राहते. सुटलेली लोकर विंचरून काढली म्हणजे आपले काम संपले. मेंढीचे तसे नाही. माणसाने लोकरीच्या लोभाने तिची पैदास अशी केली आहे की तिला आपली लोकर टाकताच येऊ नये. कातर ही तिची खरीच गरज आहे. हे सारे मी धनगराला जरा फुशारकीनेच सांगितले, आणि मग मनात सलणारा प्रश्न विचारला.

"दादा, हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हते का?"

"ठावं हुतं की," तो म्हणाला. "पर मास्तर, तुम्ही कातर म्हणलात. इचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मला उत्तर सुचले नाही. त्याने खाली बसून फणीतला लोकरीचा पुंजका उचलला, दोन बोटांत ओढून पाहिला आणि सवयीने पीळ दिला. बोटभर सूत निघाले. ते उजेडाकडे धरून त्याने मान हलवली.

"आखूड हाय," तो म्हणाला, "आन् लई मऊ. घोंगडीला न्हाई चालायची."