भरावे की मढवावे?

मनुष्यास आयुष्यात ज्या निवडी कराव्या लागतात, त्यांपैकी फारच थोड्या त्याच्या सोयीच्या वेळी येतात. लग्न, नोकरी, घरबांधणी अशा गोष्टींसाठी तो निदान चार आप्तेष्टांस विचारतो, पंचांग उघडतो, एक रात्र मध्ये जाऊ देतो. परंतु डोळ्यांवर दिवा, गालात कापसाचा बोळा आणि जिभेवर लवंगेच्या तेलाची चव अशा अवस्थेत उताणे पडले असता, ‘दाढ नुसती भरायची की कॅप बसवायची?’ असा प्रश्न आला, तर त्याने काय करावे? नांदेडच्या एका दंतवैद्यांनी आम्हांस हा प्रश्न विचारला आणि आठ दिवसांची मुदत देऊन घरी धाडले.

आमचे शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातले गाव. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे बाहेरच्यांस ते ठाऊक आहे. येथे कोणाचीही खासगी गोष्ट फार काळ खासगी राहत नाही. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर आमच्या दाढेची चर्चा सुरू झाली. एक शेजारी म्हणाले, ‘‘भरून घ्या आणि मोकळे व्हा. कॅप म्हणजे डॉक्टर तुम्हांला टोपी घालतोय!’’ मराठी भाषेने येथे वैद्यांवर मोठाच अन्याय केला आहे. इंग्रज ज्यास मुकुट म्हणतो त्याची आपल्याकडे टोपी झाली, आणि टोपी घालणे म्हणजे काय हे कोणास सांगावयास नको. खर्चाचा आकडा कित्येक पटींनी मोठा असला म्हणजे तर हा संशय अधिकच बळावतो.

परंतु संशयाने दाढ वाचत नाही. म्हणून आम्ही प्रश्न मुळापासून समजून घेण्याचे ठरविले. दातावरचे कवच हा मनुष्यदेहातील सर्वांत कठीण पदार्थ होय. पण हाड मोडले तर सांधते, हे कवच एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. म्हणूनच मनुष्य फार प्राचीन काळापासून दातातले खड्डे कोरीत आणि बुजवीत आला आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे काही सहस्र वर्षांपूर्वीच्या मानवांच्या दाढा गारगोटीच्या टोकांनी कोरलेल्या सापडल्या, असे 2006 साली प्रसिद्ध झाले. स्लोव्हेनियात सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या एका दातावर मधमाश्यांचे मेण बसविलेले आढळले. पुढे चांदी आणि पारा यांचे मिश्रण आले. ‘दातात चांदी भरली’ असे आपले वडील म्हणत, तेव्हा त्या चांदीत वजनाने निम्मा पारा असे, हे मात्र त्यांस बहुधा ठाऊक नसावे. आता दाताच्याच रंगाचे भरण आले आहे.

भरणात एक गोष्ट गृहीत असते, ती ही की, खड्ड्याभोवतालच्या भिंती मजबूत आहेत. लहान खड्डा बुजविला की काम झाले. दाताचा निरोगी अंश जवळजवळ तसाच राहतो, आणि पुढे भरण निघालेच तर पुन्हा भरता येते. परंतु खड्डा मोठा होऊन भिंती पातळ उरल्या, म्हणजे चावताना आतले भरण पाचरीसारखे काम करते. लाकडात पाचर ठोकल्यावर जे होते तेच दाढेचे होते. येथे कॅपचा उपयोग. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवितात ती शोभेसाठी नव्हे. आऱ्या आणि पाट्या फाकू नयेत म्हणून. कॅप दाढेला तशीच चोहोंकडून आवळून धरते. मुळाची नस काढलेल्या दाढेला ती बहुतेक वेळा सुचविली जाते, ती याच कारणासाठी.

मग कॅपच का घेऊ नये? कारण तिची किंमत केवळ रुपयांत नाही. ती बसण्यासाठी दाढ वरून आणि चहूबाजूंनी सुमारे एक ते दोन मिलिमीटर घासावी लागते. त्यात निरोगी भागही जातो आणि तो परत येत नाही. क्वचित या घासण्याने आतली नसही दुखावते. शिवाय कॅप किडत नसली, तरी तिच्या कडेखालचा दात किडतो. तेव्हा ती बसविल्यावर दात घासण्यातून सुटका झाली असे समजणाऱ्याची लवकरच निराशा होते.

औंढ्याला नागनाथाचे मंदिर पाहणाऱ्यास हा विचार सहज सुचेल. खालचा भाग जुन्या कोरीव दगडाचा, देवादिकांच्या मूर्तींनी भरलेला. वरचे शिखर उघडच निराळ्या, नंतरच्या धाटणीचे. दोहोंचा मेळ शास्त्रशुद्ध नसेल, पण मंदिर उभे आहे आणि पूजा चालू आहे. परंतु दाढेच्या बाबतीत वरचे चढविण्यासाठी खालचे कोरीव काम आपल्याच हातांनी तासावे लागते. शाबूत गोष्टीवर कानस चालवावयास मन धजत नाही, हीच खरी अडचण. रुपयांची सबब आपण पुढे करतो इतकेच.

आमच्या मातोश्रींपुढे हा सर्व खल चालला होता. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. भारतातले पहिले दंतमहाविद्यालय कलकत्त्यास 1920 साली निघाले, मुंबईचे नायर 1933 साली. परंतु महाविद्यालये शहरांत निघाली म्हणून खेड्यातली दाढ वाचली असे होत नाही. मातोश्रींच्या तरुणपणी दुखऱ्या दाढेवर उपाय एकच, उपटणे. आज त्या भाकरी दुधात कुस्करून घेतात, आणि हुरड्याच्या दिवसांत सर्वांस आग्रह करून स्वतः मात्र गुळाचा खडा चघळीत बसतात. आमचे बोलणे ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘बाबा, तुला दोन वाटा दिसताहेत म्हणून घोर पडलाय. आम्हांला एकच होती.’’

या एका वाक्याने आमचा प्रश्न सुटला नाही, पण तो सरळ झाला. आमच्या तोंडात किडलेल्या दाढा दोन. उजवीकडचा खड्डा लहान, भिंती जाड. ती आम्ही भरून घेतली. डावीकडची पूर्वी दोनदा भरलेली, एक कंगोरा तुटलेला, दुसऱ्यास तडा गेलेला. तिला तिसऱ्यांदा भरणे म्हणजे पाचर आणखी खोल ठोकणे. तिला कॅप. ओट्यावरच्या मंडळींस हा निकाल धरसोडीचा वाटला. परंतु प्रत्येक दाढेचा न्याय तिच्या उरलेल्या भिंती पाहून करावा, यापलीकडे आम्हांस दुसरा नियम सापडला नाही.

घरातील लहान मुलांस मात्र आम्ही दुसऱ्याच आठवड्यात नांदेडला नेऊन आणले. धाकटीच्या एका दाढेवर मोहरीएवढा काळा ठिपका निघाला. तेथे भरावे की मढवावे हा प्रश्नच उद्भवला नाही. अर्ध्या तासात काम आटोपले, आणि परत येताना गाडीत ती आजीसाठी घेतलेली केळी सांभाळीत बसली होती.