कऱ्हेचा गळ, उजनीचे जाळे

मोरगावला येणाऱ्या बायका मयूरेश्वराचे दर्शन घेतात, बाहेरच्या मोठ्या नंदीपाशी जरा थबकतात (गणपतीपुढे नंदी कसा, हे प्रत्येकीला विचारायचेच असते), मुलांना उसाचा रस पाजतात आणि निघतात. अष्टविनायकातला हा पहिला गणपती, त्यामुळे उरलेल्या सातांचा हिशोब डोक्यात असतो. मी म्हणेन, मैत्रिणींनो, अर्धा तास कऱ्हेच्या काठी बसा. आणि एक दिवस हाताशी असेल, तर बारामतीवरून भिगवणला जा. गणपतीच्या गावाबद्दल लिहायला बसले आणि मासळीचा विषय काढला, म्हणून रागावू नका. ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही त्यांनीही वाचावे असे यात आहे.

कऱ्हा ही दुष्काळी टापूतली नदी. उन्हाळ्यात वाळू, खडक आणि चार डबकी. पण पावसाने हात दिला की बंधाऱ्यामागे पाणी साठते आणि शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातली अर्धी मुले तिथेच सापडतात. हातात काठी, दोरा, गळाला कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, आणि दोऱ्यावर ज्वारीच्या वाळक्या धाटाचा तुकडा. सगळी करामत त्या तुकड्याची. तो तरंगतो आणि गळ त्याच्याखाली लोंबतो. तुकडा दोऱ्यावर वर-खाली सरकवला की गळाची खोली बदलते. गणितात वजाबाकीला अडणारा एक मुलगा मला सांगत होता, "बाई, सकाळच्याला दोन इती, उन्हं चढली का चार इती." विचारले, कोणी शिकवले? "मासा गावला नाय का मग कळतंच की!"

माझे एक दीर अमेरिकेत असतात. त्यांनी सांगितलेली गंमत याच जातीची. तिकडे तळ्यांत क्रॅपी नावाचा चवदार मासा असतो. त्यासाठी होडीमागे दोरा सोडून प्लास्टिकचा खोटा मासा ओढत नेतात. क्रँकबेट म्हणतात त्याला. त्याच्या हनुवटीला पाते असते. ओढला की पाणी त्या पात्यावर आपटून त्याला खाली दाबते. पाते मोठे, दोरा बारीक आणि लांब सोडलेला, तर तो जास्त खोल जातो. क्रॅपीची नजर वर असते. खोटा मासा त्याच्या थोडा वरून गेला तर तो झेप घेतो, पोटाखालून गेला तर सहसा ढुंकून बघत नाही. दीर यंत्र लावून खोली मोजतात, आमचा पोरगा विती मोजतो.

आता भिगवण. कऱ्हेचे पाणी तिकडे जात नाही बरे का. ती सोनगावापाशी नीरेला मिळते, आणि नीरा थेट नरसिंहपूरला भीमेला, म्हणजे उजनी धरणाच्याही खाली. भिगवणला आहे तो उजनीचा फुगवटा. 1980 साली पुरे झालेले हे धरण सुमारे 117 टीएमसीचे. गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, तेव्हा माहेर पाहिल्यासारखी माणसे ते बघायला जातात. जिथे जोंधळा डोलत होता तिथे आता होड्या आहेत.

भल्या सकाळी काठावर उभ्या राहा. होड्या येतात, मासळी उतरते, आरडाओरड, वजनकाटे, बर्फ. टोपल्यांत सगळ्यात जास्त चिलापी. ही मूळची आफ्रिकेची, आपल्या देशात 1952 साली आणलेली. नर उथळ पाण्यात तळाला खळगा करतो आणि मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिले बाहेर पडल्यावरही भ्यायली की आईच्या तोंडात शिरतात. तेवढे दिवस ती जवळपास उपाशीच. वाचून तुमच्याही तोंडून 'अगं बाई' निघाले ना?

तिथे जाळे विणत बसलेल्या एका मावशींना मी विचारले, जाळे टाकायचे किती खोल? त्या हसल्याच. "ताई, मासा काय एका जागी ऱ्हातोय व्हय? त्याचंबी मजलं असत्यात." मग त्यांनी टोपलीतले मासे काढून एकेकाचे तोंड दाखवले, आणि मी बी.ए. होऊन न शिकलेले तिथे शिकले. कटल्याचे तोंड वर वळलेले, खालचा जबडा पुढे आलेला. तो वरच्या पाण्यातले बारीक जीव टिपतो. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या पाण्यातला. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला, तो तळ चरतो. चाळीतल्या तीन बिऱ्हाडांसारखी तिघांची चूल वेगळी, म्हणून एका तळ्यात तिघे भांडणाशिवाय नांदतात. वाम चिखलात. मरळ काठच्या गवतात, आणि तो अधूनमधून वर येऊन हवा घेतो.

जाळ्याच्या वरच्या दोरीला बुचे, खालच्या दोरीला शिसे. बुचे जड झाली तर जाळे तळ गाठते, शिसे कमी केले तर वरच झुलते. थंडीत जाळे खाली घ्यायचे. उन्हाळ्यात मात्र अवघड, कारण वरचे पाणी तापते आणि तळाला प्राणवायू कमी पडतो, म्हणून मासा मधल्या पट्ट्यात दाटतो. हे पाणी उन्हाळ्यात हिरवे का दिसते, तेही ऐका. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून इथेच येते, म्हणजे शहरात आपण मोरीत जे ओततो त्यातले बरेचसे इथवर पोहोचते. त्यावर शेवाळ माजते. अशा पाण्यात पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात. त्या वेळी ते सहज सापडतात, पण मावशींना तो सुकाळ वाटत नाही.

त्यांचा खरा राग वडापावर. हे बारीक आसाचे मोठे जाळे ओढत काठाला आणतात. त्याला मजला-बिजला काही नाही, बोटाएवढी पिलेसुद्धा त्यात येतात. मोठ्या आसाच्या जाळ्यातून पिले निसटतात आणि पुढच्या वर्षी किलोची होऊन येतात. "पोटुशी बाय आन तान्हं लेकरू, कुनी सोडत न्हाय," मावशी म्हणाल्या. नवऱ्याची होडी, दोन मुलींची शाळा, सगळे या पाण्यावर. घासाघीस करताना आपण बायकाच 'बारीक स्वस्त दे' म्हणतो. मी तरी आता बोटाएवढी मासळी घेत नाही.

घ्याल तेव्हा कल्ले लालभडक आणि डोळे फुगीर बघा, बोटाने दाबल्यावर खळगा राहता कामा नये. चिलापीला चिखलाचा वास येतो. तुकडे मीठ-हळद चोळून ताकात अर्धा तास ठेवा, मग धुऊन चिंचेच्या कोळात मुरवा. हिवाळ्यात गेलात तर कुंभारगावला होडीतून रोहित पक्षी बघता येतात. पण त्याआधी काठावर जा, कारण ऊन चढायच्या आत बाजार उठतो.