येलदरीचे टक्के आणि दहावीची बातमी

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत बातमी लेखनाचा प्रश्न असतो. विषय साधारण ठरलेले: शाळेतलं वृक्षारोपण, विज्ञान प्रदर्शन, वाचन प्रेरणा दिन. मुलं वर ठिकाण आणि तारीख टाकतात, ‘आमच्या वार्ताहराकडून’ असं लिहितात, प्रमुख पाहुण्यांना एक नाव देतात, अध्यक्षांना दुसरं, रोपांचा आकडा ठरवतात आणि शेवटी कुणाकडून तरी आभार मानून घेतात. यातलं काहीच घडलेलं नसतं. परीक्षेच्या हॉलमध्ये बसून मूल दुसरं करणार तरी काय? मांडणी जमली, शुद्धलेखन सांभाळलं की गुण मिळतात. आपल्याकडचं मूल आयुष्यातली पहिली बातमी लिहितं ती अशी, न घडलेल्या कार्यक्रमाची.

मी पत्रकारितेच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना शिकवते. तिथे येणाऱ्या मुलांच्या हातात हीच सवय असते. ‘मान्यवरांनी मार्गदर्शन केले’ असं वाक्य आलं की मी विचारते, काय मार्गदर्शन केलं? वर्ग गप्प. कार्यक्रमाला जाऊन आलेली मुलंही गप्प, कारण तिथे ऐकायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. विशीतल्या मुलाची ही सवय मोडायला फार वेळ जातो. तेराव्या-चौदाव्या वर्षी ती लागूच न देणं सोपं आहे. म्हणून काही वर्षांपासून मी जिंतूरला, माझ्या गावी, नववी ते बारावीच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेते.

जिंतूरला रेल्वे नाही. परभणीला जायचं तर एसटी किंवा काळीपिवळी. माध्यमांचं शिक्षण म्हटलं की पालकांच्या डोळ्यासमोर तोंडापुढे धरलेला माईक येतो आणि मुलांच्या डोळ्यासमोर स्वतःचा यूट्यूब चॅनल. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे, चित्रफीत कापणं-जोडणं पोरांना माझ्याहून चांगलं येतं. ते शिकवायला मी येत नाही. पहिले काही रविवार तर मोबाइल दप्तरातच राहतो.

सुरुवात मी येलदरीपासून करते. पूर्णा नदीवरचं हे धरण आमच्या तालुक्यात आहे आणि पावसाळ्यात त्याची बातमी रोज कुठे ना कुठे येते. फळ्यावर मी तीन आकडे लिहिते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यातला जिवंत साठा सुमारे ८१०. उरलेला सव्वाशेच्या आसपास मृत साठा, म्हणजे दाराच्या खाली राहणारं, नेहमीच्या वापराला न येणारं पाणी. मग विचारते, समजा आज जिवंत साठा ४०५ आहे, तर धरण किती टक्के भरलं? निम्मी मुलं लगेच ५० म्हणतात. मग एखादं मूल मृत साठा मिळवून ५३० ला ९३४ ने भागतं आणि ५७ म्हणतं. वर्गात गलका होतो. एका मुलाने अगदी वैतागून विचारलं होतं, “मॅडम, पाणी तेच हाय, मंग टक्के दोन कामून?”

त्या प्रश्नावर मी अख्खा तास देते. दोन्ही आकडे खरे आहेत. ज्याला सिंचनाचं आवर्तन ठरवायचंय तो जिवंत साठा बघेल. ज्याला ‘धरण निम्म्याच्या वर’ असा मथळा हवा त्याला दुसरा आकडा सोयीचा. बातमी लिहिणाऱ्याने कोणता घेतला आणि तो कोणता हे सांगितलं का, एवढंच तपासायचं. मग विसर्गाकडे वळतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. २० हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला साडेपाच लाख लिटरच्या वर. हा गुणाकार मुलं वहीत स्वतः करतात आणि खालच्या बाजूला, सिद्धेश्वरकडे जाणाऱ्या त्या पाण्याच्या काठावर आपल्या कुठल्या नातेवाइकाचं शेत आहे हे आपोआप बोलायला लागतात.

अतिवृष्टीचंही तसंच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी, हा सरकारी निकष. बोरी, चारठाणा, बामणी या मंडळांतली मुलं वर्गात असतात. पर्जन्यमापक एका जागी आणि ढगफुटी झालेलं शिवार दुसऱ्या जागी, मग नोंद कशाची होणार? सोयाबीन वाहून गेलेल्या बापाचं मूल हा प्रश्न पुस्तकातून शिकत नाही, त्याला तो घरी ऐकू येतो. त्याला फक्त कुणाला विचारायचं आणि कोणता कागद मागायचा हे कळायला हवं: तलाठ्याकडे काय असतं, तहसीलमध्ये काय असतं, माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने काय मिळतं. पंधरा वर्षांच्या मुलीने तहसीलच्या खिडकीशी उभं राहून मंडळनिहाय पावसाची नोंद मागितली आणि ती उतरवून आणली, तर माझ्या लेखी तिचा माध्यमांचा अभ्यास सुरू झाला.

चित्राचा भाग मी नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’वर शिकवते. २०१३ चा चित्रपट, बहुतेक मुलांनी टीव्हीवर पाहिलेला. त्यातला एकच प्रसंग घेते. डुकराच्या मागे धावणारं कुटुंब आणि तेवढ्यात शाळेतून ऐकू येणारं राष्ट्रगीत. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुकराला मात्र थांबायचं कारण नाही. आवाज बंद करून तो प्रसंग एकदा बघायचा, मग चित्र न बघता नुसता ऐकायचा, मग दोन्ही मिळून. प्रत्येक वेळी काय कळलं ते लिहायचं. नंतर शाळेच्या भिंतीचं दृश्य: मागे बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं, पुढून काठीला बांधलेलं डुक्कर वाहून नेणारी माणसं. तोंडाने कुणीच काही बोलत नाही. इथे मी एकच विचारते, कॅमेरा कुठे उभा आहे? पहिल्यांदा मुलांना हा प्रश्नच समजत नाही. मग एखादा उठून बाकं सरकवतो, दोघांना काठी धरून चालायला लावतो, स्वतः समोर उभा राहतो आणि म्हणतो, “मॅडम, हितून.” आणि चित्रपटाच्या शेवटी भिरकावलेला दगड? तो तर थेट आपल्याकडेच येतो. कुणीतरी तो आपल्याकडे यावा असं ठरवलंय, ते ठरवताना कॅमेऱ्याची जागा निवडलीय, हे त्या वयात एकदा उमगलं की मूल जाहिरातही वेगळ्या नजरेने बघतं आणि नेत्याच्या सभेचं दृश्यही. गर्दीचं चित्र जवळून घेतलंय की लांबून, हे मग मला सांगावं लागत नाही.

मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, माध्यमांचं शिक्षण घेताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबई-पुण्याच्या बाहेरून, आपल्या गावाकडच्या गोष्टी घेऊन हे जमतं, हे आमच्या मुलांना कळावं म्हणून मी हे आवर्जून सांगते.

एक विषय मात्र मी हसतखेळत घेऊ शकत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्या काळात देशभर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतली होती. मोटारसायकलवरचे दोघे खेळणारं मूल उचलतात, असं तिच्यात दिसायचं. मूळ फितीत ते मूल परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा, अशा अर्थाचा फलक दाखवतात. ती जनजागृतीची फीत होती. कुणीतरी शेवट कापला. एवढंच केलं.

वर्गात मी मुलांना याच पद्धतीने आपापली चित्रफीत कापायला लावते, एवढ्यापुरता मोबाइल बाहेर निघतो. आजोबांनी नातवावर हात उगारला आणि मग हसून त्याच्या डोक्यावर ठेवला, यातलं हसणं कापा. काय उरलं ते शेजारच्याला दाखवा आणि त्याला काय वाटलं ते लिहून घ्या. शंभरएक वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्हने एकाच निर्विकार चेहऱ्याला वेगवेगळी दृश्यं जोडून हेच दाखवलं होतं, प्रेक्षकांना त्या चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. मोठ्या वर्गात मी हा प्रयोग तोंडी सांगते. इथे मुलं स्वतः करतात आणि स्वतःच घाबरतात. ते घाबरणं मला हवं असतं. केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू झाले, तेव्हा मला वाटलं होतं की आपल्याकडेही आता हे येईल. आपल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा चांगला धडा आहे, माध्यमांतून मिळणारी माहिती पारखून घ्या असंही त्यात आहे. पण पारखायचं कसं, याचा सराव कुठल्या तासाला करायचा?

मुलाखत शिकवण्यासाठी माझ्याकडे बहात्तरचा दुष्काळ आहे. घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला १९७२ बद्दल विचारून या, एवढंच सांगते. नववीतली एक मुलगी पहिल्यांदा लिहून आली: ‘माझ्या आजीने खूप हाल सोसले.’ मी तिला परत पाठवलं. ‘कसं वाटलं’ हा प्रश्न विचारायचा नाही, काय खाल्लं, किती मिळालं, कुठे गेलात, कोण सोबत होतं, हे विचार. दुसऱ्या खेपेला वही भरून आली. मिलोच्या लाल भाकरी घशाखाली उतरत नसत म्हणून आजी त्या पाण्यात बुडवून खायची. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी धाकट्या भावासाठी आणायची आणि वाटेत थोडी स्वतः खायची. हे वाटेत खाल्लेलं आजीने घरात कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मुलगी म्हणाली, “मॅडम, आजी सांगताना रडली, मग मी पेन ठेवून दिला.” पेन कधी ठेवायचा हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

भाषेबद्दल थोडं. आमच्या वर्गात घरी गोरमाटी बोलणारी तांड्यावरची मुलं असतात, उर्दू माध्यमातली असतात, उसतोडीला गेलेल्या घरची असतात, ज्यांची शाळा दिवाळीनंतर सुटते ती पाडव्याच्या आसपासच पुन्हा भरते. यांना इंग्रजी येत नाही म्हणून पुढे निभाव लागणार नाही, असं शिक्षकच सांगतात. इंग्रजी लागतं, मी खोटं आश्वासन देत नाही. पण बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं तेच मुळी मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापून. निजामाच्या काळात आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं आणि त्यावर बंदी आली तेव्हा ते नावं बदलून निघत राहिलं. अनेक भाषांच्या आणि बंदीच्या मुलखातच आपली पत्रकारिता वाढली. तांड्यावरच्या मुलाने आजोबांचं गोरमाटी बोलणं मराठीत आणलं, तर भाषांतराचं जे शिक्षण मी विद्यापीठात देते त्याची तयारी त्याने घरीच केलेली असते. माझ्या वर्गात त्याला त्याचे गुण मिळतात.

पालकांचा प्रश्न एकच असतो, “मॅडम, पुढं काय?” त्याचं उत्तर मी कागदावर लिहून देते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे, परभणी जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि फिल्म इन्स्टिट्यूट, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र. अकरावीत मुलगा सायन्सला गेला तर मराठी सोडून आयटी घेऊ नका, हेही सांगते. युवकभारतीच्या उपयोजित मराठीत अकरावीला मुद्रितशोधन, अनुवाद, सूत्रसंचालन आहे, बारावीला मुलाखत, अहवाल आणि वृत्तलेख. माध्यमांकडे जायचं असेल तर एवढी तयारी दुसऱ्या कुठल्या विषयात नाही, आणि हुशार म्हणवली जाणारी मुलं नेमकी तीच सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती तोकडं मिळतं हेही मी पालकांपासून लपवत नाही. ते कळूनही जो मुलाला पाठवतो, त्याच्या मुलावर मी जास्त मेहनत घेते.

दहावीला भाषेच्या लेखी परीक्षेचे ८० गुण असतात आणि २० गुण शाळेच्या हातात. हे २० गुण बहुतेक ठिकाणी ठरीव प्रश्नोत्तरांत वाटून टाकले जातात. माझी मराठीच्या शिक्षकांना विनंती आहे की त्यातले पाच गुण एका खऱ्या बातमीला द्या. आपल्या गावात या महिन्यात घडलेली, मुलाने स्वतः जाऊन पाहिलेली, दीडशे शब्दांची. बोरवेल आटली, एसटीची फेरी बंद झाली, अंगणवाडीचं छत गळतंय, काहीही चालेल. खाली तीन ओळी सक्तीच्या ठेवा: कोणाला विचारलं, कधी विचारलं, कोणता आकडा कोणत्या कागदावर पाहिला. तपासताना शिक्षकांनी त्यातल्या एका माणसाला फोन करून खात्री करावी. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही, येत्या सत्रात हे सुरू करता येईल. ज्या शाळेला हे करायचंय तिथे पहिला तास घ्यायला मी येईन, जिंतूर तालुक्यात कुठेही, आडगावला किंवा सावंगी म्हाळशालासुद्धा.