उघडी फाइल कोणाच्या नावावर?

काम साधं होतं. सर्व्हरवर आलेली फाइल उघडायची, मागच्या थ्रेडकडे सोपवायची आणि लिहून झालं की बंद करायची. अमळनेरला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी मी हा भाग सी प्लस प्लसमध्ये लिहीत होतो. उघडी फाइल ‘युनिक पॉइंटर’मध्ये ठेवलेली. त्याची कॉपी होत नाही. मूव्ह केला की घेणारा मालक होतो आणि देणाऱ्याकडे नल उरतो. शेवटचा मालक संपला की फाइल आपोआप बंद.

अमळनेरकराला हे फार समजावून सांगावं लागत नाही. 1945 साली महंमद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या अनेक घरांनी तिचे शेअर घेतले. कागदी सर्टिफिकेटच्या जमान्यात शेअर विकायचा तर सही केलेला ट्रान्स्फर फॉर्म आणि मूळ सर्टिफिकेट दोन्ही हवाली करावी लागत. झेरॉक्स कितीही काढा, तिच्यावर मालकी ठरत नसे. (2019 च्या एप्रिलपासून सेबीने ही कागदी खरेदी-विक्रीच थांबवली.)

माझी अडचण पुढची होती. फाइल थेट द्यायची नव्हती. ‘थ्रेड मोकळा झाला की हे कर’ असा कॉलबॅक रांगेत टाकायचा होता आणि फाइल त्याच्या पोटात जायला हवी होती. लॅम्डामध्ये वस्तू अशी मूव्ह करून घ्यायची सोय सी प्लस प्लस 11 मध्ये नव्हती, 14 मध्ये आली. ती आमच्या कंपायलरला होती, त्यामुळे लॅम्डा बिनबोभाट तयार झाला. रांगेत टाकायला गेलो तर कंपायलरने पानभर एरर ओकल्या.

रांग ‘स्टँडर्ड फंक्शन’ची होती. त्यात जे ठेवाल त्याची कॉपी करता आलीच पाहिजे ही त्याची अट; प्रत्यक्षात कोणी कॉपी करो वा न करो.

यावरचा सर्रास उतारा म्हणजे ‘शेअर्ड पॉइंटर’. कोड रिव्ह्यूमध्ये मलाही तोच सुचवला गेला. त्याने एरर जाते, पण फाइल केव्हा बंद होणार आणि कोणत्या थ्रेडवर, हे कोड वाचून सांगता येत नाही. एखादी कॉपी कुठल्याशा कॉलबॅकमध्ये राहून गेली की फाइल उघडीच. जुन्या सी वळणाने व्हॉइड पॉइंटर द्यावा, तर कॉलबॅक चाललाच नाही की ती फाइल बेवारस.

क्रोमियम ब्राउझरच्या मंडळींनी याची मेख नीट ओळखली आहे. त्यांच्याकडे एकदाच चालणारा ‘वन्सकॉलबॅक’ वेगळा आणि पुन्हा पुन्हा चालणारा ‘रिपीटिंगकॉलबॅक’ वेगळा. पहिला चालवायचा तर तो कॉलबॅकच मूव्ह करावा लागतो. ते बरोबरच आहे, कारण पोटातली फाइल एकदा पुढे दिल्यावर दुसऱ्या वेळी हाती नलच येणार. रस्टमध्ये ‘एफएन-वन्स’ भाषेतच आहे. मात्र बॉक्समध्ये ठेवलेला असा कॉलबॅक थेट बोलावता येऊ लागला तो 2019 मध्ये, 1.35 आवृत्तीपासून.

आमचा कंपायलर जुना, म्हणून गूगलच्या ‘ॲबसेल’ लायब्ररीतला, कॉपीची अट नसलेला ‘एनी-इन्व्होकेबल’ रांगेसाठी घेतला. मग रांग भरलेली असताना मुद्दाम सर्व्हर थांबवायला लावला. कॉलबॅक न चालताच नष्ट झाले, त्यांच्यासोबत फाइलीही बंद झाल्या. प्रोसेस संपण्याआधी लिनक्सच्या ‘प्रोक’मध्ये पाहिलं तर त्यातली एकही उघडी नव्हती.

ज्यांच्याकडे सी प्लस प्लस 23 आहे त्यांनी ‘मूव्ह-ओन्ली फंक्शन’ घ्यावं. फक्त ते कॉपी रोखतं, दुसऱ्यांदा बोलावणं आपण होऊन रोखत नाही. प्रकार लिहिताना कंसानंतर दोन अँपरसँड द्यायला विसरू नका; मग निदान बोलावताना मूव्ह लिहावंच लागतं.