धाकटी बंदूक

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरील अडगळ खाली उतरविण्याचा प्रसंग आला. चार पिढ्या एका छपराखाली नांदलेल्या घरात काय काय निघावे याला मर्यादा नसते. मोडके पाळणे, पितळी समया, मालगुजारीच्या वेळची वाळवीने खाल्लेली दप्तरे, आणि त्या सर्वांच्या खाली एक चपटी पत्र्याची डबी. डबीत नळी साफ करण्याची सळई होती, वाळून कडक झालेली तेलाची चिंधी होती आणि करंगळीच्या पेराहूनही लहान अशी तीन रिकामी काडतुसे होती.

आमच्या नातवाने त्यांतील एक उचलून शिटीसारखे वाजवून पाहिले आणि विचारले, “आबा, एवढ्याशा गोळीने काय मरतं हो?”

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच आमचे पुतणे म्हणाले, “हरीण सहज मरतं. काका, खरं सांगू? आपणही असली एखादी बंदूक घ्यावी म्हणतो. परवा एका रात्रीत चितळांनी दोन एकर तूर खुडून नेली. मोठी बंदूक कशाला हवी? लहान असली की आवाज कमी, खर्च कमी.”

पुतण्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. आमचे शेत बोर अभयारण्याच्या बाजूस, सेलू तालुक्यात आहे. १९७० साली झालेले हे अभयारण्य २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले. जंगल राखले गेले त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्या जंगलातील चितळ, रोही आणि रानडुकरे सूर्य मावळला की बांध ओलांडतात, हेही तितकेच खरे. ज्याने पेरणीपासून शेंग भरेपर्यंत पोटच्या पोराप्रमाणे पीक जपले, त्याला सकाळी नुसते बुडखे पाहावे लागले म्हणजे त्याच्या तोंडून काय निघेल हे शहरात बसून सांगणे सोपे नाही.

तरी त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. ती डबी मात्र आमच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या लहान बंदुकीबद्दल एक गोष्ट सांगावयाची राहून गेली होती, आणि ती आम्ही आजवर घरात कोणासही सांगितली नव्हती.

आमच्या लहानपणी घरात दोन बंदुका होत्या. ब्राह्मणाच्या घरी बंदूक कशी, असे काही वाचकांस वाटेल. पण मध्यप्रांतातील मालगुजाराच्या घरी ती असणे हे फारसे नवल नव्हते. १९५१ साली मालगुजारी गेली, बंदुका तेवढ्या परवान्यावर राहिल्या. एक बारा बोअरची दुनळी, तिला घरात ‘थोरली’ म्हणत. दुसरी पॉइंट टू-टूची रायफल, ती ‘धाकटी’. जणू काय दोघी जावाच! आमच्या आजीची सक्त ताकीद होती की दोघींनीही ओसरी ओलांडून आत यावयाचे नाही. त्यामुळे त्या बाहेरच्या कचेरीच्या खोलीत, कुलपाच्या कपाटात राहत. मारलेले काही घरात येत नसे. रानडुक्कर पडले तर ते गावात वाटले जाई, आणि थोरले काका विहिरीवर स्नान करून मगच माजघरात येत. त्यांना शिकारीचा षोक नव्हता. ‘पीक राखणे हा आपला धर्म, जीव घेणे हा नाइलाज,’ असे ते म्हणत. त्यांचा एक नियम मात्र अढळ होता. गोळी लागलेले जनावर सोडून घरी यावयाचे नाही. रात्र होवो, पाऊस होवो, त्याचा माग काढावयाचा आणि त्याची सुटका करावयाची.

१९६२च्या चिनी आक्रमणानंतर महाविद्यालयांतून एन. सी. सी. सक्तीची झाली. आम्ही तेव्हा वर्ध्यास शिकत होतो. कवायतीत आम्हांस जी रायफल चालवावयास मिळाली ती पॉइंट टू-टूचीच. तिला धक्का नाही, आवाज थोडा, काडतूस स्वस्त. पंचवीस यार्डांवरच्या कागदावर आमच्या पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसत. सुभेदारांनी पाठ थोपटली. एकोणिसाव्या वर्षी माणसाला पाठीवरची थाप फार दिवस पुरते. आपण पक्के नेमबाज झालो, अशी आमची समजूत झाली.

१९६६ सालचा पौष महिना. तूर शेंगांनी लवली होती. सुटीत घरी आलो असता काकांबरोबर आम्ही शेतावर गेलो. काका थोरली घेऊन नाल्याकडच्या बांधावर बसले, आम्हांस धाकटी देऊन मचाणावर बसविले आणि बजावले, “डुकरं आली तर मला हाक मार. तू नुसता हवेत बार काढ.”

दिवस मावळता मावळता डुकरे आली नाहीत, चितळ आले. सात-आठ असावेत. एक मादी तुरीच्या कडेला उभी राहून मान वर करून कान हलवीत होती. अंतर ऐंशी पावलांहून कमी नव्हते. उजेड इतका अंधुक की बंदुकीच्या नळीवरची माशी नीट दिसेना. तरीही आम्ही चाप ओढला. चाबूक वाजावा तसा आवाज झाला. मादी जागच्या जागी उडाली, पाठीची कमान झाली आणि कळपाबरोबर ती जंगलाकडे निघून गेली. कागदावर गोळी बसली की भोक पडते. येथे काहीच पडले नाही. पण तिची ती कमान आम्ही पाहिली होती.

काकांनी बांधावरून विचारले, “काय रे, लागली?”

रात्र पडत होती, थंडी होती, आणि त्या बाजूस वाघाचा वावर आहे हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही म्हणालो, “नाही काका, हुकली.”

तिसऱ्या दिवशी सकाळी जागल्या ओसरीपुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, “मालक, नाल्यात हरणी पडून हाये. अजून जित्ती हाये.” काका थोरली घेऊन निघाले आणि त्यांनी आम्हांसही खूण केली. मादी नाल्यातील पळसाच्या झुडपाशी पडली होती. पोटाला बारीकसे छिद्र होते, शिसपेन्सिल जाईल एवढे. त्याभोवती माशा बसल्या होत्या. दोन रात्री आणि एक सबंध दिवस तिने तेथे काढला होता. वीसेक पावलांवर तिचे पाडस उभे होते आणि माणसे पाहूनही ते पळत नव्हते. आम्हांस पाहून तिने उठण्याचा प्रयत्न केला. मागचे पाय उचलले नाहीत.

काकांनी एकच बार काढला. नंतर बराच वेळ ते बंदुकीची नळी मोडून तशीच हातात धरून उभे होते. घरी येताना अर्ध्या वाटेवर त्यांनी आम्हांकडे न पाहता एवढेच विचारले, “हुकली म्हणालास ना?” आम्ही काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. घरात कोणाला सांगितलेही नाही. त्या दिवसापासून धाकटी कपाटातून बाहेर निघाली नाही एवढेच. काका गेल्यावर परवाने परत करून दोन्ही बंदुका सरकारात जमा केल्या. राहिली ती ही डबी.

पुढे आयुष्यात या विषयावर जे वाचावयास मिळाले ते आम्ही वाचले; आपल्या अपराधाचे गणित समजून घेण्याची इच्छा माणसाला असतेच. ते गणित असे. पॉइंट टू-टूच्या नेहमीच्या काडतुसातील शिशाची गोळी चाळीस ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम वजनाची. नळीतून निघताना तिची शक्ती साधारण १३० फूट-पौंड. लष्करी पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे सव्वाअकरा ग्रॅमांची, आणि शक्ती २,३०० फूट-पौंडांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अठरा पट. हे लष्करी काडतूस सामान्य नागरिकांस वर्ज्य, म्हणून इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातून शिकारी लोकांसाठी पॉइंट थ्री-वन-फाइव्हची रायफल निघू लागली. तिची गोळी तर सुमारे सोळा ग्रॅमांची. जड आणि वेगवान गोळी शरीरात फुलते, मोठी जखम करते, आणि जनावर थोड्या वेळात कोसळते. लहान गोळी जनावराला न पाडता आत शिरते. रक्त बाहेर थोडे येते, म्हणून मागही सापडत नाही. हरीण पळून जाते आणि दूर, आपल्या डोळ्यांआड, सावकाश मरते. ‘लहान बंदुकीने कमी इजा’ ही समजूत म्हणूनच अगदी उलटी आहे.

यावर कोणी म्हणेल की, जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रायफल पॉइंट टू-सेव्हन-फाइव्हचीच होती, आणि आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने त्याच मापाच्या बंदुकीने शेकडो हत्ती पाडले. गोष्ट खरी आहे. परंतु ते माप नळीच्या छिद्राचे. त्या काडतुसाची शक्ती पॉइंट टू-टूच्या पंधरापटीहून अधिक असते. शिवाय बेलने हत्तीच्या कवटीची रचना मुद्दाम अभ्यासली होती. मेंदू नेमका कोठे आहे हे ज्याला कोणत्याही बाजूने सांगता येते त्याची गोष्ट निराळी, आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पास झालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची निराळी.

इंग्लंडात आजही हरणांची शिकार कायदेशीर आहे. पण तेथेसुद्धा १९६३च्या कायद्याने पॉइंट टू-फोर-झीरोहून लहान नळीची, किंवा १,७०० फूट-पौंडांहून कमी शक्तीची रायफल हरणांवर चालविण्यास बंदी केली. पुढे २००७ साली मुंटजॅकसारख्या, म्हणजे आपल्या भेकराच्या जातीच्या, अगदी लहान हरणांपुरती सवलत दिली. तीतही हजार फूट-पौंडांची अट आहेच. शिकारीला पाप न मानणाऱ्या देशाने हा नियम केला, तो हरणे वाचविण्यासाठी नव्हे, तर ती हाल होऊन मरू नयेत म्हणून.

आपल्याकडे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदीच केली. त्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या पाहण्यासारखी आहे. ठार करणे तर शिकार आहेच. पण जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच. आमची ती ‘हुकलेली’ गोळी आजच्या कायद्यात कोठे बसली असती हे सांगावयास नको. पिकांचा नाश करणाऱ्या काही जनावरांबाबत वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती ज्याच्या हाती नाही त्याने बंदूक हाती धरण्यात अर्थ नाही.

सेवाग्राम आमच्या गावापासून फार लांब नाही. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले. त्याआधी, १९२८ साली, साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने तडफडत होते. गांधीजींनी डॉक्टरकरवी त्याला सुई टोचवून त्याच्या यातना संपविल्या, आणि त्यावरून देशभर गहजब झाला. लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्हांस तिचा उलगडा होत नसे. नाल्यातील त्या सकाळी तो झाला. काकांच्या हातून त्या दिवशी जे घडले ती दया होती. हिंसा घडली होती ती दोन दिवस आधी, आमच्या हातून. आणि त्याहून मोठी हिंसा आमच्या जिभेकडून. गोळी चुकीच्या जागी लागणे हा अपघात म्हणता येईल. ‘हुकली’ म्हणणे हा अपघात नव्हता. त्याच वेळी खरे बोललो असतो तर कंदील घेऊन काका निघाले असते आणि त्या मुक्या जिवाची तासाभरात सुटका होण्याचा संभव होता.

भाऊबिजेच्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही हे सर्व पुतण्यांस सांगितले. सूनबाई आणि मुलेही बसली होती. पुतणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काका, पण तुरीचं काय?”

प्रश्न रास्त होता. ज्याला पीक नाही त्याने दयेचे व्याख्यान देऊ नये. आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. सौर कुंपणाचा झटका जनावराला पळवितो, मारीत नाही. मात्र घरच्या विजेची तार कुंपणाला कधी जोडावयाची नाही. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात एक वाघीण अशा तारेला लागून मेली. जंगलाकडच्या पट्ट्यात जागलीला माणूस ठेवावयाचा. नुकसान होईल तेव्हा पंचनामा करवून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज वेळेवर द्यावयाचा. कुंपणाचा निम्मा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देण्याचे कबूल केले. उशिरा का होईना, त्या मादीचे काही देणे आमच्याकडे निघत होते.

नातवाने ती तीन काडतुसे परत डबीत टाकली. झोपावयास जाण्यापूर्वी त्याने हळूच विचारले, “आबा, त्या पाडसाचं पुढे काय झालं?”

आम्ही त्याला खरे तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच नाल्यावर गेलो होतो. ते तेथे नव्हते.