शेजारच्या भट्टीचा आधार

कारखाना म्हणजे एका कुंपणाच्या आत कच्चा माल घेऊन पक्का माल बाहेर काढणारी स्वयंपूर्ण वास्तू, अशी ज्याची कल्पना असेल, त्याला कोल्हापूरच्या उद्यमनगरातला व्यवहार प्रथमदर्शनी विस्कळीतच वाटेल. पॅटर्न एकाने घडवावा, बिडाचा रस दुसऱ्याने ओतावा, ओतिवाचे यंत्रण तिसऱ्याच्या लेथवर व्हावे, आणि एवढ्या हातांतून गेलेला सुटा भाग पुण्याच्या वाहन कारखान्याकडे चौथ्याच्याच नावे रवाना व्हावा, असा हा क्रम आहे. लघुउद्योगांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, या मालकांमधील परस्परसंबंध हेच, कोणत्याही ताळेबंदात त्याची नोंद नसली तरी, त्यांतील प्रत्येकाचे सर्वांत मोठे भांडवल होय.

हा उद्योग पंचगंगेच्या काठच्या उसावर वाढला. पाणी उपसणारी ऑइल इंजिने आणि गुऱ्हाळांचे चरक यांच्या दुरुस्तीतून सुटे भाग करण्याची, आणि त्यातून ओतकामाची विद्या येथील मेस्त्रींच्या हाती आली. ती कोणा एकाच्या घराण्याची मिरास न राहता गल्लीगल्लीत पसरली. इंग्रज अर्थशास्त्री आल्फ्रेड मार्शल याने 1890च्या आपल्या ग्रंथात अशा उद्योगवस्त्यांचे जे विवेचन केले आहे, त्याची सत्यता पडताळण्यासाठी कोल्हापूरच्या माणसाला दूर जाण्याचे कारण नाही.

वाळूचेच उदाहरण घ्यावे. साच्यासाठी लागणारी सिलिका वाळू सिंधुदुर्गातून घाट चढून येते. रसाच्या उष्णतेने आणि बंधक द्रव्यांमुळे ती निकामी झाली की तिची विल्हेवाट हा खर्चाचा आणि प्रदूषणाच्या कायद्याचाही प्रश्न होऊन बसतो. तीच वाळू शुद्ध करून पुन्हा वापरता येते, परंतु त्या संयंत्राचा खर्च लहान फाउंड्रीवाल्याच्या ऐपतीबाहेरचा, आणि ते विकत घेतले तरी एकट्याच्या वाळूने त्याचे पोट भरणार नाही. अनेकांची वाळू एकत्र आल्यावाचून ज्याचे गणितच जुळत नाही, असे हे साधन आहे. धातूचे रासायनिक पृथक्करण करणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचीही तीच गत: ज्याच्याकडे तो नाही, तो रसाचा नमुना शेजाऱ्याकडे धाडतो, आणि पुढे कधी शेजाऱ्याची भट्टी बंद पडली तर त्याची ऑर्डर मुदतीत जावी म्हणून आपल्या भट्टीची एक पाळी त्याला मोकळी करून देतो. या देवघेवीचा कोठे करारनामा नसतो. हिशेब मात्र दोघांच्याही ध्यानात पक्का असतो.

पतही अशीच उभी राहते. बँक तारण मागते, दस्तऐवज मागते. पिग आयर्नचा व्यापारी मात्र नव्या कारखानदाराला उधार देण्यापूर्वी दोन जुन्या कारखानदारांना विचारून घेतो, आणि त्यांचा होकार हाच त्याला जामीन पुरतो.

तथापि, निकटच्या संबंधांची एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. जे रोज भेटतात त्यांना बहुधा एकच वार्ता ठाऊक असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने 1973मध्ये दाखवून दिले की, नव्या संधीची खबर जिवलगांपेक्षा ओझरत्या ओळखीच्या माणसांकडून अधिक येते. ट्रॅक्टर आणि मोटारींची मागणी घटली की सारी वसाहत एकदमच मंदावते, आणि अशा वेळी तेच कारखानदार भाव पाडून एकमेकांचे गिऱ्हाईक ओढतात, कुशल मोल्डर पळवतात. म्हणून 1934 साली पुण्यात स्थापन झालेल्या मराठा चेंबरसारख्या किंवा 1950मध्ये निघालेल्या भारतीय फाउंड्रीमेन संस्थेसारख्या गावाबाहेरच्या मंडळांचे मोल मी फार मानतो; तेथे पंपांचे ओतीव करणाऱ्याला कापडयंत्रांचा किंवा रेल्वेचा पुरवठादार भेटतो.

संघटनेचे आणखी एक काम आहे. 2006च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांत चुकते झाले पाहिजे; पण ज्या एकाच बड्या गिऱ्हाइकावर आपली भट्टी पेटते, त्याच्याविरुद्ध एकट्याने दाद मागण्याचे धैर्य किती जणांना व्हावे? मंडळाने नावे न घेता सर्वांच्या वतीने तगादा लावला, तर निदान कोणा एकाची ऑर्डर सूड म्हणून बंद होत नाही.

समूहविकासाच्या शासकीय योजनेत सामाईक सुविधाकेंद्राला अनुदान मिळते, परंतु त्यासाठी उद्योजकांनी आधी स्वतंत्र संस्था स्थापून आपला हिस्सा घालावा लागतो, आणि माझ्या मते खरी कसोटी तेथेच लागते. संयंत्र बिघडल्यावर कोणाची वाळू आधी घ्यायची, सभासदाला दर काय आणि बाहेरच्याला काय, ज्याने हिस्सा घातला पण वाळू आणलीच नाही त्याच्याकडून देखभालीचा खर्च कसा वसूल करायचा, हे प्रश्न इमारत उभी राहण्यापूर्वी, एकमेकांचे स्पर्धक असलेल्या माणसांनी, एका टेबलाभोवती बसून सोडवायचे असतात.